कॅमेऱ्यालाही हुलकावणी!

शाळेच्या मैदानावर खो-खोचा सामना चालू असताना तुम्ही कधी मोबाइलवर व्हिडिओ काढलाय? काढला असेल, तर घरी येऊन बघताना काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मैदान दिसतं, दोन्ही खांब दिसतात, पलीकडं कडुलिंबाखाली उभी राहिलेली पोरं दिसतात, मधूनच एक कुत्रं फेरी मारून जातं. पण जिचा खेळ दाखवायचा म्हणून एवढा आटापिटा केला, ती तुमची ताई कुठंय? आई विचारते, "यात आपली कुठली रे?" तुम्ही स्क्रीनवर बोट ठेवता, "ही बघ, ही!" तोवर ताई बोटाखालून निसटून पलीकडच्या खांबाजवळ पोचलेली असते.

टीव्हीवरच्या सामन्यात असं होत नाही. तिथं पळणारी खेळाडू स्क्रीनभर दिसते आणि कितीही वळणं घेतली तरी मधोमधच राहते. याचं थोडं श्रेय कॅमेरा फिरवणाऱ्या माणसाचं. पण हल्ली बरंचसं काम सामना झाल्यावर संगणकावर किंवा मोबाइलवरही करता येतं. पळणाऱ्या खेळाडूभोवती एक न दिसणारी चौकट आखायची, ती तिच्या मागोमाग पळवायची आणि चौकटीतला तेवढाच भाग कापून मोठा करायचा. चौकट पळवणं म्हणजे ट्रॅकिंग, मोठं करणं म्हणजे झूम. ऐकायला सोपं आहे. करायला घेतलं, की संगणकाच्याही नाकी नऊ येतात.

हे समजून घ्यायला खो-खोसारखा नामी खेळ नाही, आणि खो-खोसाठी धाराशिवसारखा जिल्हा शोधावा लागेल. इथल्याच सारिका काळे हिच्या कप्तानीखाली भारताच्या मुलींनी २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. पुढं २०२० मध्ये सारिकाला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा मान तब्बल २२ वर्षांनी आला होता. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यातल्या भारताच्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. आता अशा तरबेज मुलींच्या मागं चौकट पळवायची म्हणजे काय होईल, विचार करा.

त्याआधी एक छोटा प्रयोग. समोरच्या भिंतीवर नजर डावीकडून उजवीकडं अगदी सावकाश, न अडखळता सरकवत न्या. जमलं असं वाटलं ना? आता हेच पुन्हा करा आणि मित्राला तुमच्या डोळ्यांकडं बघायला सांगा. तो हसेल. तुमचे डोळे सरकतच नाहीत, टुणटुण उड्या मारत जातात! मग मित्राला त्याचं बोट तुमच्यासमोरून हळूहळू न्यायला सांगा आणि त्या बोटाकडं बघत राहा. आता मात्र डोळे कसे गुळगुळीत सरकतात. पाठलाग करायला काहीतरी हलतं दिसलं, तरच आपल्या डोळ्यांना हे जमतं. नुसतं ठरवून जवळपास कुणालाच जमत नाही.

डोळ्यांना पाठलागाची एवढी गरज का पडावी? डोळ्याच्या आतल्या पडद्यावर एक चिमुकला खळगा असतो. सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते तिथंच. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडं बघा. एका वेळी आपल्याला अगदी ठळक दिसणारा भाग साधारण त्या नखाएवढाच असतो, आजूबाजूचं सगळं धूसर. म्हणून हलणाऱ्या गोष्टीचं चित्र सतत त्या खळग्यावर पडत राहावं यासाठी डोळा फिरत राहतो. आपल्या डोक्यातच एक पाठलाग करणारी चौकट आहे म्हणा ना!

आणि या चौकटीची एक अडचण आहे. एखादी गोष्ट हलायला लागली, की डोळ्याला तिच्यामागं निघायला सेकंदाचा साधारण दहावा भाग लागतो. तेवढ्यात पळणारी मुलगी अर्धा मीटर पुढं गेलेली असते. तरी आपण मागं पडत नाही, कारण मेंदू बघत बसत नाही, अंदाज बांधतो. 'इतकं गेली, म्हणजे पुढं तितकी जाईल' असं म्हणून तो डोळा आधीच पुढं नेतो. हा अंदाज लक्षात ठेवा, पुढं त्याचीच फजिती होणार आहे.

आता झूमकडं वळू, कारण झूमबद्दल फार गैरसमज आहेत.

खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. समजा, तुम्ही मोबाइल आडवा धरून त्याची सगळी लांबी व्हिडिओत बसवली. साध्या एचडी व्हिडिओच्या एका चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. २७ मीटरला १९२० ठिपके, म्हणजे एका मीटरला साधारण ७१. दीड मीटर उंचीची ताई झाली जेमतेम १०७ ठिपक्यांची! स्क्रीनच्या उंचीच्या दहाव्या हिश्शाएवढी. आईला ती सापडली नाही यात आईचा काय दोष?

ताईला स्क्रीनच्या निम्म्या उंचीएवढी करायची, तर पाचपट मोठं करावं लागेल. पाचपट उंच आणि पाचपट रुंद, म्हणजे एका ठिपक्याच्या जागी २५ ठिपके. मूळ एक आहे, उरलेले २४ आणायचे कुठून? संगणक ते मधल्या मध्ये ठोकून देतो. शेजारच्या दोन ठिपक्यांचा उजेड ४० आणि २०० असेल, तर त्यांच्या बरोबर मध्ये तो १२० भरतो. फुग्यावर छापलेलं चित्र फुगा फुगवल्यावर मोठं होतं पण फिकट पडतं, तसलाच हा प्रकार. चित्र मोठं झालं, माहिती मात्र तेवढीच राहिली. सिनेमातला पोलीस संगणकाला "झूम करा, अजून करा" म्हणतो आणि धुरकट ठिपक्यांतून गाडीचा नंबर लख्ख दिसू लागतो, ती शुद्ध थाप आहे. हल्लीचे काही हुशार प्रोग्राम असं चित्र रेखीव करून देतात खरे, पण ते जे काढतात ते आधी पाहिलेल्या हजारो चित्रांवरून केलेलं अनुमान असतं. ताईच्या पाठीवरचा पुसट ८ त्यांनी ३ करून दिला, तर भांडायला कुणाकडं जाणार?

यावर उपाय म्हणजे चित्रीकरण करतानाच ठिपके जास्त घेऊन ठेवायचे. फोर-के व्हिडिओत आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात, एचडीच्या बरोबर दुप्पट. त्यातला मधला चतकोर कापला, की पूर्ण एचडी चित्र हातात येतं आणि एकही ठिपका खोटा भरावा लागत नाही. दुसरा उपाय भिंगाचा. भिंगानं केलेला झूम खरोखरच जास्त तपशील टिपतो. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३४ सालच्या 'अमृतमंथन'मध्ये व्ही. शांतारामांनी राजगुरूचा नुसता डोळा पडदाभर दाखवण्यासाठी टेलिफोटो भिंग वापरलं होतं. नव्वद वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही! पण तो डोळा एका जागी होता. आपली ताई एका जागी थांबते होय?

तर आता चौकट पळवू. व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रं. मोबाइलवर बहुधा सेकंदाला ३०. ताई सेकंदाला सहा मीटर वेगानं पळत असेल, तर एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत ती २० सेंटिमीटर सरकते. आपल्या हिशोबानं साधारण १४ ठिपके. संगणकाला ताई ओळखू येत नाही, मुलगी म्हणजे काय हेही या साध्या पद्धतीत त्याला ठाऊक नसतं. त्याला येते फक्त वजाबाकी!

पहिल्या चित्रात तुम्ही ताईभोवती चौकट आखून दिलीत. संगणक तिच्यातले ठिपके पाठ करतो. प्रत्येक ठिपका म्हणजे उजेडाचा एक आकडा, काळ्यासाठी ०, पांढऱ्यासाठी २५५. समजा, त्यातले तीनच ठिपके घेतले: ४०, २००, ९०. पुढच्या चित्रात तो वेगवेगळ्या जागी हेच तीन आकडे शोधतो. एका जागी सापडले १२०, ६०, ८०. फरक किती? ८० अधिक १४० अधिक १०, एकूण २३०. दुसऱ्या जागी सापडले ४५, १९०, ९५. फरक ५, १० आणि ५, एकूण फक्त २०. जिथं फरक सगळ्यांत कमी, तिथं ताई! चौकट तिथं सरकवायची आणि पुढचं चित्र घ्यायचं. सेकंदाला ३० वेळा हेच.

पूर्ण चित्रात शोधत बसायचं, तर वीस लाखांहून जास्त ठिपके आहेत. म्हणून तो शहाण्यासारखा आधीच्या जागेच्या आसपासच शोधतो. १९८१ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रूस ल्यूकस आणि ताकेओ कानादे या दोघांनी याची आणखी एक सुबक रीत काढली. सगळीकडं वजाबाकी करत फिरण्याऐवजी, उजेड कुठल्या दिशेनं किती झपाट्यानं बदलतोय ते पाहून चित्र नेमकं किती सरकलं ते गणितानं काढायचं. आजही कितीतरी ट्रॅकिंगच्या मुळाशी ही रीत आहे. याच कानादे यांनी २००१ साली अमेरिकेतल्या फुटबॉलच्या एका मोठ्या सामन्यात स्टेडियमभर सुमारे ३० कॅमेरे बसवले होते. एक माणूस एक कॅमेरा फिरवायचा, आणि बाकीचे सगळे आपोआप त्याच खेळाडूकडं वळायचे.

ल्यूकस आणि कानादे यांच्या रीतीला कोपरे फार आवडतात. जर्सीवरचा आकडा, बाहीची पट्टी, वेणीची रिबीन असं काही ठळक दिसलं, की चौकट घट्ट बसते. नुसत्या मातीचा तुकडा धरून ठेवा म्हटलं, तर संगणक गडबडतो, कारण शेजारची मातीही अगदी तशीच. संध्याकाळच्या सामन्यात आणखी एक खोडा येतो. उजेड कमी पडला, की मोबाइल प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ उजेड आत घेतो. सेकंदाचा तिसावा भाग घेतला, तर तेवढ्यात ताई २० सेंटिमीटर पुढं गेलेली असते आणि चित्रात तिचा पट्टाच उमटतो. सेकंदाच्या पाचशेव्या भागात ती सव्वा सेंटिमीटरही सरकत नाही. भर उन्हात मोबाइल आपोआप असा कमी वेळ घेतो. धाराशिवला उन्हाची काही वाण नाही, तेव्हा सामना दुपारचा असेल तर बोनसच समजा.

आता येतो खो-खोचा खरा त्रास. मधल्या पाटीवर आठ मुली बसलेल्या असतात, एक इकडं तोंड करून, तिच्या शेजारची तिकडं. नववी पाठलाग करते. पळणारीला या आठ जणींच्या मधून हवं तसं आरपार जायची मुभा असते, पाठलाग करणारीला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही. म्हणून पळणारी साखळी खेळते, एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून, तिसरीच्या पुढून. कॅमेरा बाजूला असेल, तर दर दोन-तीन पावलांनी ती कुणाच्या तरी आड जाते. क्षणभरच, पण क्षणभर म्हणजे सात-आठ चित्रं. तेवढ्या चित्रांत वजाबाकी कशाशी करायची? ताई दिसतच नाही! मग बिचारी चौकट जे सर्वांत जवळचं मिळेल त्याला चिकटते. कधी बसलेल्या मुलीच्या खांद्याला, कधी थेट खांबाला. एकदा खांबाला चिकटली की सुटतच नाही, कारण खांब हलत नाही आणि वजाबाकी दर वेळी छान कमी येते. संगणक खूश, आई हैराण.

इथं मदतीला येतो तोच अंदाज, मेंदू करतो तो. बुडापेस्टला जन्मलेले, अमेरिकेत काम करणारे रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० साली अंदाज बांधण्याचं एक गणित मांडलं. आधीचा वेग आणि दिशा धरून पुढची जागा सांगायची. मग प्रत्यक्ष काय दिसतंय ते पाहायचं. आणि दोन्हींपैकी ज्याच्यावर जास्त भरवसा त्याच्याकडं झुकून उत्तर दुरुस्त करायचं. काहीच दिसत नसेल, तर नुसत्या अंदाजावर पुढं जात राहायचं. चंद्राकडं जाणाऱ्या अपोलो यानांना आपण कुठं आहोत हे कळण्यासाठी हेच गणित वापरलं होतं. ताई बसलेल्या मुलीच्या आड गेली, की चौकट त्याच वेगानं पुढं सरकत राहते आणि पलीकडून ताई बाहेर पडली, की तिला बरोबर गाठते.

पण ताई पलीकडून बाहेर पडली तर ना! तिनं आड गेल्या गेल्या हुलकावणी दिली आणि उलट फिरली, तर? चौकट अंदाजानं पुढं, ताई मागं. गंमत बघा. हुलकावणी म्हणजे तरी काय? खांदा एकीकडं टाकायचा, समोरचीच्या मेंदूला 'ही इकडं जाणार' असा अंदाज बांधू द्यायचा आणि पाय दुसरीकडं टाकायचा. पाठलाग करणारीनं एकदा दिशा घेतली, की नियमानुसार तिला मधेच उलट फिरता येत नाही. म्हणूनच हा एक चुकलेला अंदाज एवढा महाग पडतो. जी युक्ती समोरच्या मुलीला फसवते, तीच कॅमेरा फिरवणाऱ्या माणसाला फसवते, आणि तीच काल्मानच्या गणितालाही. चंद्रावर जाणारं यान हुलकावणी देत नाही, म्हणून तिकडं काम सोपं. हे माझं मत, अवकाश शास्त्रज्ञांनी रागावू नये.

आणि पाठलाग करणारीच्या मागं चौकट लावली, तर याहून मजा. ती पळत पळत बसलेल्या एकीच्या मागं येते, तिला हात लावते, "खो!" म्हणते आणि तिच्या जागी बसते. उठलेली पळत सुटते. आपण सगळे प्रेक्षक त्याच क्षणी नवीनकडं बघू लागतो. संगणकाची चौकट? ती जुन्याच मुलीवर. ती बसली, चौकटही बसली. मैदानात धमाल चाललीय आणि स्क्रीनभर दिसतेय ती शांत बसून धापा टाकणारी मुलगी! 'खो' या एका अक्षरात पाठलाग एका अंगातून दुसऱ्या अंगात गेला, हे वजाबाकीला कसं कळावं? त्यात सगळ्यांच्या जर्सी एकाच रंगाच्या.

म्हणून खो-खोसाठी माझ्या मते हातानं चौकट लावणंच बरं. व्हिडिओ एडिटिंगच्या बहुतेक ॲपमध्ये कीफ्रेम नावाची सोय असते. एका क्षणी चौकट इथं, दुसऱ्या क्षणी तिथं, एवढंच आपण सांगायचं. मधली वाट ॲप स्वतः आखतं. सुरुवातीला चौकट २००व्या ठिपक्यावर आणि दोन सेकंदांनी १४००व्या ठिपक्यावर ठेवलीत, तर एक सेकंद झाल्यावर ती बरोबर ८००वर असेल. ताई सरळ पळत असेल, तर दोन कीफ्रेम पुरतात. पण मधेच तिनं हुलकावणी देऊन माघार घेतली असेल, तर चौकट रिकाम्या मातीवरून ऐटीत पुढं जाईल. म्हणून जिथं जिथं ताई वळली, तिथं तिथं एक कीफ्रेम हवी. कीफ्रेम जितक्या जास्त, तितका खेळ अवघड होता असं समजायला हरकत नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. ताईला दर चित्रात अगदी नेमकं मधोमध बसवायला जाऊ नका. पळताना डोकं वरखाली होतं, चौकटही तशीच नाचायला लागते आणि बघणाऱ्याला गरगरतं. चौकट थोडी सैल, थोडी आळशी असू द्या. आणि फार जवळ जाऊ नका. धावण्याच्या शर्यतीत पळणाऱ्याच्या पुढं मोकळी जागा ठेवतात. खो-खोत पुढं जागा हवी आणि मागंही हवी, कारण मागून हात लांब करून येणारी मुलगीच चौकटीबाहेर गेली, तर ताई एकटीच का पळतेय हे कुणाला कळणार? नुसत्या चेहऱ्यावर झूम केलेला खो-खो मला तरी पाहवत नाही.

करून बघा. मैदानाच्या लांब बाजूला, मधोमध, जमलं तर पायरीवर किंवा कठड्यावर चढून उभे राहा. वरून घेतलं, की बसलेल्या मुलींच्या आड ताई कमी वेळा जाते. मोबाइल आडवा धरा, स्थिर धरा, मैदानाची पूर्ण लांबी घ्या, आणि चित्रीकरण करताना झूमला हातही लावू नका; तो नंतर करायचा. खेळणाऱ्या मुलींना विचारूनच व्हिडिओ काढा. मग आधी ॲपचं आपोआप ट्रॅकिंग लावून पाहा, नंतर तोच तुकडा कीफ्रेमनं करा. आपोआपची चौकट कितव्या वळणावर हुकली आणि हुकून कशाला चिकटली, ते आम्हाला पत्रानं नक्की कळवा. खांबाला चिकटली असेल, तर तेही लिहा.